हातांवर बसणारी नोरीन

नोरीन स्वतःच्या हातांवर बसायची. हे अलंकारिक बोलणं नाही. समोर पाच वर्षांचं पोर डब्याच्या झाकणाशी झुंजायला लागलं, की ही बाई खुर्चीत किंचित पुढे सरकायची, दोन्ही तळहात मांड्यांखाली घालायची आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसायची. "हे दोघं फार परोपकारी आहेत," ती म्हणायची, "दाबून ठेवले नाहीत तर मदत करून सगळं बिघडवतात." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघायची. समोरचे आईबाप निमूटपणे आपापल्या हातांवर बसायचे. मीही बसलोय. एकदा तर इतका वेळ बसलो, की नंतर सहीसाठी पेन हातात दिलं तेव्हा ते बोटांना कळेचना. पेन खाली पडलं. नोरीनने ते उचललं नाही, अर्थातच.

ती मुलांच्या हातांची थेरपिस्ट होती. आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या शेतकरी घरातली, पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडकुळी, आणि पांढरे केस स्वतःच कापलेत हे लांबूनही कळावं असे. मुलांच्या मनगटाला आधार द्यायला ती गरम पाण्यात मऊ होणारं एक गुलाबी प्लास्टिक वापरायची. त्याचे उरलेले तुकडे तिच्या आयुष्यात जिकडेतिकडे चिकटलेले होते. चहाच्या मगाचा कान गुलाबी, चष्म्याची एक काडी गुलाबी, गाडीचा बाजूचा आरसाही गुलाबी पट्टीने धरलेला. दुरुस्त झालेली वस्तू नव्यासारखी दिसावी असा तिचा मुळीच आग्रह नव्हता. ती चालली पाहिजे, एवढंच.

आमची गाठ पडली ती सईमुळे. सई ही आमची मुलगी. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली आणि सेरेब्रल पाल्सीने तिची उजवी बाजू धरली. पाय थोडक्यात सुटला, हात सापडला. कोपर दुमडलेलं, मनगट खाली झुकलेलं, अंगठा मुठीच्या आत लपलेला. डावा हात मात्र इतका तरबेज, की उजव्याची तिला आठवणच होत नसे. चित्रात स्वतःला काढायची तेव्हा एकच हात काढायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "दुसरा मागे आहे."

ते साल दोन हजार दहा. आम्ही डब्लिनजवळच्या नास या गावात राहत होतो. मी मूळचा कराडचा, पुण्यात इंजिनियर झालो आणि इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लागलो. लोकांच्या रक्तवाहिन्यांत जाणाऱ्या बारीक नळ्यांची जाडी केसाच्या अंशानेही चुकू नये, हे बघणं माझं काम. त्यामुळे मोजमाप आणि तक्ते यांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा एक गोड समज होता.

त्या शरद ऋतूत डब्लिनच्या डॉक्टरांनी सईच्या उजव्या हातात स्नायू सैल करणारी इंजेक्शनं दिली आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "यानं हात काही शिकत नाही. फक्त सैल होतो, साधारण तीन महिने. तेवढ्यात मेंदूला पटलं की हा हात आपला आहे, तर पटलं. नाहीतर तो पुन्हा आखडेल, आणि मग आपल्याला शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल."

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात) बारा आठवड्यांचा तक्ता चिकटवला. एकेक चौकोन खोडत गेलो की काहीतरी करतोय असं वाटायचं. माझी बायको मेधा म्हणाली, "सुधीर, हा तक्ता आहे की घरभाड्याची नोटीस?"

पहिल्या भेटीत नोरीनने सईला काही करायलाच लावलं नाही. बंद पाकिटातली बिस्किटं टेबलावर ठेवली आणि गप्प बसली. सईने दातांनी पाकीट फाडलं. नोरीनने कागदावर काहीतरी लिहिलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "घरी जेवते कशी? मला नीट सांगा. रोज तीनदा होणारं दुसरं कुठलंच काम नाही, त्यामुळे मी सगळं जेवणावर बांधते."

आता इथे खरं सांगायला किती वेळ लागला असता? सांगायचं एवढंच होतं, की आम्ही हातानं जेवतो, आणि पाच वर्षांच्या घोडीला तिची आई अजून भरवते. पण प्रतीक्षागृहात मी तासभर एक माहितीपत्रक बघत होतो. त्यात सोनेरी केसांची मुलं काट्याचमच्याने मटार टोचत होती. त्या खोलीत आम्हीच तेवढे सावळे. डाव्या-उजव्या हाताचं आमचं शास्त्र, कालवणं, चाटणं हे सगळं त्या स्वच्छ टेबलावर मांडायचं माझ्या जिवावर आलं.

"नाईफ अँड फोर्क," मी म्हणालो. "अर्थातच."

टेबलाखालून मेधाने माझ्या पायावर पाय दिला. मी आणखी गुळगुळीत हसलो. नोरीनने लिहून घेतलं. त्या तीन शब्दांवर तिने सईचे बारा आठवडे उभे केले.

उपचार म्हटला तर सोपा होता. रोज ठरावीक वेळ सईच्या चांगल्या, डाव्या हाताला एक जाड पिशवी घालायची. नोरीनने ती लोकरीची मेंढी करून शिवली होती, डोळे-कान सगळं असलेली. डावा हात मेंढीत झोपला, की उजव्याला उठावंच लागे. मग त्या उजव्या हाताने काटा धरायचा, तोही जाड मुठीचा, गुलाबी प्लास्टिक चढवलेला. उकडलेला बटाटा टोचायचा आणि तोंडात घालायचा. दवाखान्यात सई हे करत होती. चिडून का होईना, करत होती. घरी आम्ही काय करत होतो? सात वाजता मेधा ताटलीत वरणभात कालवायची आणि सई टीव्ही बघत आ करायची. दिवसभर भुकेलं पोर, वर हाताचं असं. भरवलं नाही तर मेधाला स्वतःचा घास उतरायचा नाही. आणि मी नोरीनने दिलेल्या कागदावर 'रात्रीचं जेवण, काटा, तीस मिनिटं' या ओळीपुढे टिक करायचो. एकाच रंगाच्या शाईने, सुबक, एका रेषेत.

खोटं पकडण्यात बाई किती पटाईत होती, याची चुणूक मला पहिल्या आठवड्यातच मिळाली होती. तिची एक पद्धत होती. मुलाच्या हातावर पिशवी चढवायची तर आधी बापाने एक दिवस घालायची. मला तिने ओव्हनचा जाडजूड हातमोजा दिला. "उजव्या हातात. उठल्यापासून चारपर्यंत. मी फोन करीन."

मी तो घालून कारखान्यात गेलो. गेटवरच्या माणसाने विचारलं, पाव भाजायला आलास का. पहिला तास मी शूर होतो. डाव्या हाताने माऊस धरून एक फाईल पुसून टाकली, दुसरी साहेबांना दोनदा पाठवली. साडेदहाला शौचालयात गेलो आणि पँटच्या गुंडीशी माझी जी झटापट झाली तिचं वर्णन मी मेधालाही केलेलं नाही. मोजा काढला. एकदा काढला म्हटल्यावर परत घालायला हात होईना. पावणेचारला फक्त फोनसाठी घातला.

"कसं गेलं?" नोरीनने विचारलं.

"ग्रँड!" मी अगदी इथल्या लोकांसारखं म्हणालो, म्हणजे एकदम छान.

"ग्रँड? सुधीर, तो मोजा दिवसभर घातलेला माणूस मला कधी ग्रँड म्हणत नाही. मागच्या महिन्यात एका बापाने फोन आपटला. तू चिडलेला नाहीस. किती वाजता काढलास?"

"साडेदहा."

"शौचालय?"

"हो."

"सगळ्यांचं तिथेच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "सईला तो काढता येत नाही, एवढं लक्षात ठेव."

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काट्याचमच्याचं खरं सांगून टाकलं असतं. मी मात्र टिका जरा वाकड्यातिकड्या आणि दोन रंगांच्या शाईने करायला लागलो.

पाचवा आठवडा गेला. सहावा आला. प्रेसवरचा अर्धा तक्ता खोडून झाला आणि सईचा हात होता तिथेच. दवाखान्यात काटा धरायची, घरी यायची आणि दुसरा हात मागे. नोरीन माझ्या कागदांवरून बोट फिरवत म्हणाली, "इथे जागा होतो तो हात. घरी गेल्यावर त्याचं काय होतं मला कळत नाही. रोज तीस मिनिटं म्हणतोस. काहीतरी माझं चुकतंय." ती आपली चूक शोधत होती, आणि मी बुटांच्या नाड्यांकडे बघत होतो. "गुरुवारी सात वाजता घरी येते. नेहमी जेवता तसंच जेवा. मी फक्त बघणार."

बुधवारी मी दुकानातून काटेसुऱ्यांचा नवा संच आणला.

"आता तरी सांग ना रे तिला," मेधा म्हणाली. तिचे डोळे भरलेले. "सहा आठवडे राहिलेत."

"एवढा एक गुरुवार जाऊ दे," मी म्हणालो. "मग आपण खरंच सुरू करू, काट्याने."

"आणि जेवायला काय करू? बटाटे उकडू?"

"नको, डाळीचा वास भिंतीत मुरलाय, तिला संशय येईल. वरणभातच कर."

वरणभात, काट्यासुरीने. मी इंजिनियर आहे, हे वर सांगितलंच आहे.

त्याच सुमाराला माझी आई कराडहून आली होती. तिला मी सगळं समजावलं. तिने काटा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्ये दाताळं व्हय? ह्यानं पाला वढत्यात. म्या न्हाय जेवायची असल्यानं." मी म्हटलं, आई, एकच दिवस, नातीसाठी. तेव्हा कुठे ती गप्प झाली.

गुरुवारी सातला आम्ही टेबलाभोवती बसलो. नोरीन कोपऱ्यातल्या खुर्चीत, तिचे हात मांड्यांखाली. सईच्या डाव्या हातात मेंढी. मी काट्यावर वरणभात घेतला. वरण काट्याच्या दातांतून परत ताटात गेलं, आणि वर जी चार शितं राहिली ती मी मोठ्या ऐटीत तोंडात घातली. मेधा सुरीने भात कापत होती. सुरी ताटावर टिकटिक वाजत होती. आईने भाताला काटा टोचला, तो उभाच राहिला, आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

आणि सई हसायला लागली. नासच्या शाळेत शिकलेल्या तिच्या इंग्रजीत, मोठ्याने म्हणाली, "डॅडी, तू असं का जेवतोयस? नोरीन, बघ ना, त्याला येतच नाही! आई, आज मला भरवणार नाहीस?" शेवटचं वाक्य नेमकं सगळ्यात स्पष्ट.

टिकटिक थांबली.

"बास झालं, सुधीर," माझी आई म्हणाली, काटा बाजूला सारला आणि हातानं भात कालवायला लागली.

नोरीन उठली. पिशवीतून तिने माझे सहा आठवड्यांचे कागद काढले, टिकांवरून नजर फिरवली, त्यांची चौघडी केली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"सहा आठवडे," ती म्हणाली, "मी तुझ्या मुलीला परक्या घरचं जेवण शिकवत होते."

"मला वाटलं तुम्ही आम्हाला अडाणी समजाल."

"समजले असते कदाचित," ती म्हणाली. "कोण जाणे. पण वेळ तर वाचला असता."

आणि ती दार उघडून बाहेर गेली. गाडीचं दार वाजलेलं ऐकू आलं. मेधा म्हणाली, "गेल्या नोरीनबाई," आणि ओढणी तोंडाला लावली. सईचं हसू थांबलं. आपल्या बोलण्याने काहीतरी मोडलं एवढं तिला कळलं होतं, काय मोडलं ते कळलं नव्हतं. मी प्रेसवरच्या कोऱ्या सहा चौकोनांकडे बघत होतो. माझ्या भिडस्तपणाने, माझ्या ऐटीने तिचा अर्धा हात खाल्ला होता.

दार पुन्हा उघडलं. नोरीनच्या हातात कॅमेरा आणि वही होती. तिने कोट काढला, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि थेट आईच्या शेजारची खुर्ची ओढली.

"दाखवा," ती म्हणाली.

हे भाषांतर करायला आईला माझी गरज पडली नाही. तिने नोरीनच्या पुढ्यात ताट सारलं. "बोटांच्या शेंड्यांनी गं बाई. तळवा न्हाय माखायचा. दाब, गोळा कर, आता हात उताणा कर आन् अंगठ्यानं ढकल. आंगाश्शी!"

नोरीनचं वरण मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. आई म्हणाली, "हिच्यापरीस आमची सई बरी की." सई खदखदली. नोरीनला मात्र हसायला वेळ नव्हता. तिने आईला तोच घास पुन्हा घ्यायला लावला, आणखी एकदा, आणखी एकदा. शेवटी आई वैतागून म्हणाली, "जेवू दे की मला!" नोरीन वहीत लिहीत होती आणि स्वतःशीच बोलत होती. बोटं उघडतात. मनगट उचललं जातं. तळहात वर वळतो. आणि अंगठा, हा मुठीत लपणारा चोर, शेवटी ढकलायला बाहेर येतो. "सहा आठवडे मी हे सगळं नाणी आणि मणी घेऊन करून घ्यायचा प्रयत्न करतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही हे रोज करता. दोनदा."

मग तिने विचारलं, उजव्या हाताने सई घरी कधीच काही करत नाही का? आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, की आई आल्यापासून प्रसादाचा खडीसाखरेचा खडा सईच्या उजव्या हातावरच ठेवायची, तो पडला तरी थांबायची, आणि मीच आईला दटावलं होतं, की तिला लाजवू नकोस, डाव्या हातावर दे, आम्ही असलं डावंउजवं मानत नाही.

नोरीनने वही मिटली. "या घरात थेरपी करणारं एकच माणूस होतं," ती म्हणाली, "आणि त्याला तू गप्प बसवलंस."

मी हे आईला मराठीत सांगताना थोडं सौम्य केलं. पण नोरीनने तिलाही सोडलं नाही. "त्यांना सांग, हाताकडे बघून चुकचुकायचं मात्र नाही." ते मी जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून डावा हात मेंढीत गेला आणि पहिले दहा घास सईने स्वतः घ्यायचे ठरलं. नंतर हवं तर भरवा. पहिल्या संध्याकाळी तिने ताटली उडवली. दुसऱ्या संध्याकाळी अर्धा तास रडून एक घास हनुवटीपर्यंत नेला आणि तो मांडीवर सांडला. मेधा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची, म्हणजे तिचं रडणं सईला ऐकू जाऊ नये आणि सईचं तिला. आई लुगडं सावरून हातांवर बसायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिच्यासाठी ती शिक्षा सगळ्यांत मोठी होती.

नोरीन आठवड्यातून तीनदा, कामावरून घरी जाताना वाट वाकडी करून यायची. एका संध्याकाळी सई इतकी दमली होती, की घास तोंडाजवळ आला आणि तिथेच थांबला. हात थरथरतोय, शितं एकेक करून गळतायत, डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. मी नोरीनकडे बघितलं. तिचा उजवा हात मांडीखालून निघून टेबलाच्या कडेपर्यंत आला होता. तिने तो बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि उठून ती मागच्या अंगणात निघून गेली. काचेतून दिसत होतं, कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून पाठमोरी उभी होती. आत आली तेव्हा तिने सईच्या हातातली मेंढी काढली आणि मेधाला म्हणाली, "आज भरव. जेवण म्हणजे शिक्षा झाली तर आपण सगळेच हरलो."

मी दारापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "नोरीन, होईल ना?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमायचं नाही. या बाबतीत मी तिला शिकवू शकलो असतो.

आठव्या आठवड्यात कधीतरी अंगठा बाहेर आला. कुठल्या दिवशी ते मला सांगता येत नाही, कारण तोवर मी तक्ता खोडायचा सोडून दिला होता. सईने घास तोंडात घातला, निम्मा नाकाला लागला, आणि ती चावत म्हणाली, "तूप कमी आहे." आई हात सोडवून टाळ्या वाजवणार, तेवढ्यात नोरीनने मान हलवली. तिच्याकडे कुणी शाब्बास म्हणायचं नसे. शाब्बास म्हटलं, की मूल हाताकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघायला लागतं, असं तिचं म्हणणं. मेधाने नुसतं तूप वाढलं.

बारा आठवड्यांनंतर डब्लिनला तपासणी झाली. सईला खेळणी दिली, दोन हातांशिवाय उघडणार नाहीत अशी, आणि चित्रीकरण केलं. डॉक्टरांनी अंगठा हलवून बघितला, दोनदा पाहिला, आणि शस्त्रक्रियेचा विषय वर्षभर पुढे ढकलला. मी गाडीतूनच नोरीनला फोन केला. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

"बरं आहे," ती म्हणाली.

"एवढंच?"

"सुधीर, डॉक्टरसमोर कुठलाही हात शहाण्यासारखा वागतो. तुम्ही जेवणात सांगता म्हणून तो उठतो. कुणी न सांगता उठेल, तिला दुसरं काही काम असताना उठेल, तेव्हा तो तिचा. नाहीतर वर्षभराने तुम्ही परत तिथेच बसलेले असाल."

मला रागच आला. पण पुढच्या वर्षभरात मी चोरून बघत राहिलो, आणि म्हणणं तिचंच खरं होतं. जेवताना हात यायचा. बाकी वेळ तो मागेच. सई दप्तराची चेन दातांनी ओढायची, जाकीट एका हाताने चढवायची. आठवण केली की पटकन उजवा पुढे करायची, शाळेत बाईंनी नाव पुकारल्यावर हजेरी द्यावी तशी. दुसऱ्यांदा इंजेक्शनं झाली. तपासणीची पुढची तारीख जवळ आली. आणि मधेच नोरीनचं पत्र आलं. सरकारी खर्चात कपात चालली होती, जुन्या माणसांना लवकर निवृत्त व्हायला सुचवत होते, आणि ती पश्चिमेला, आपल्या गावी परत चालली होती. तिच्या जागी कुणी येणार की नाही, हे पत्रात नव्हतं.

तिच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मेधाने बेसनाचे लाडू केले होते. डबा सईने कुणाला धरू दिला नाही. डाव्या हाताने छातीशी घट्ट आवळून ती पुढे चालत होती. सात वर्षांची होत आली होती, आणि तिला त्या दिवशी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला वेळेवर पोचायचं होतं. ही निरोपाची भानगड लवकर आटपावी, असं तिने गाडीत दोनदा बजावलं होतं.

नोरीन खोली रिकामी करून निघतच होती. दोन्ही हातांत भलंमोठं खोकं, त्यात झाकणांचे डबे, मणी, कसकसल्या चिमट्यांची पिशवी, वर गुलाबी कानाचा मग. खोकं मी घ्यावं म्हणून हात पुढे केला. तिने बघितल्यावर मागे घेतला. बाहेर वारा असा सुटला होता, की दवाखान्याचं ते जड काचेचं दार मी उघडून पुढे झालो आणि माझ्या मागे ते परत वळायला लागलं, थेट नोरीनच्या खोक्यावर. मी तीन पावलं लांब होतो. मेधा आत, तिच्या मागे.

सई मधे होती. तिने दाराकडे नीट बघितलंही नाही. डावीकडे लाडूंचा डबा होता, म्हणून उजवा हात वर गेला. मनगट वाकडंच, बोटं अर्धी मिटलेली. तळव्याची टाच काचेवर टेकवून आणि अंगाचा भार टाकून ती उभी राहिली. वाऱ्याने दार हलत होतं, ती तसूभर सरकली, पण हात काढला नाही.

"नोरीन, लवकर ये ना," ती इंग्रजीत वैतागून म्हणाली, "किती थंडी आहे!"

नोरीन दोन क्षण उंबऱ्यात थांबली. मग जगातलं प्रत्येक दार कुणी ना कुणी आपल्यासाठी असंच धरतं अशा थाटात तिच्यासमोरून बाहेर पडली. "थँक्स, पेट," ती म्हणाली. पेट म्हणजे इकडचं 'बाळा'. दुकानात दार धरणाऱ्या कुणालाही म्हणावं तसं.

मेधाने माझा दंड इतका आवळला होता, की शाब्बास म्हणायचं राहूनच गेलं.

खोकं मागच्या सीटवर गेलं. लाडूंचा डबा पुढच्या. नोरीनने मेधाला मिठी मारली, माझ्याशी हस्तांदोलन केलं, सईच्या डोक्यावर टिचकी मारली आणि गाडीत बसून दार लावून घेतलं. आम्ही तिघं हात हलवत उभे राहिलो. गाडी सुरू होईना. आम्ही हात खाली घेतले. पुन्हा वर केले. सई म्हणाली, पार्टी सुरू झाली असेल.

"बघ ना जरा," मेधा म्हणाली, "गाडी बंद पडली का काय त्यांची? तू इंजिनियर आहेस ना?"

मी लगबगीने निघालो. अर्ध्या वाटेवर, काचेतून तिचा चेहरा दिसला. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला होता. मी तिथूनच वळलो आणि परत आलो.

"काय झालं?" मेधाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "होईल सुरू."